मक्याची वंशावळ आणि विंचूरचा शेतकरी : एक दीर्घ धागा

१/
विंचूर हे नाव इतिहासाच्या वाचकाला अपरिचित नाही. पानिपतच्या रणातून वाचून परतलेले सरदार विठ्ठल शिवदेव यांच्या घराण्याला ज्या गावामुळे ‘विंचूरकर’ हे नाव मिळाले, ते निफाड तालुक्यातील हेच गाव. सरदार घराण्यांच्या वंशावळी आपण तोंडपाठ करतो. कोण कोणाचा दत्तक, कोणती शाखा कोठे गेली, यावर हिरिरीने वाद घालतो. आजचा धागा मात्र एका निराळ्याच घराण्याच्या वंशावळीविषयी आहे. ते घराणे मक्याचे.

२/
आज विंचूर म्हटले की लोकांना कांदा आठवतो. लासलगाव बाजार समितीचे उपबाजार आवार येथे आहे, आणि कांद्याच्या जोडीला सोयाबीन, गहू, मकाही येथे लिलावात येतो. निफाड, येवला, चांदवड, मालेगाव या पट्ट्यात खरिपाचा मका आता दुय्यम पीक राहिलेला नाही. दाणा कोंबडीखाद्याला आणि स्टार्चला जातो, हिरवे पीक मुरघासाला जाते, आणि अलीकडे इथेनॉललाही जाते. तरीही या पिकाचा इतिहास आपल्याकडे क्वचितच कोणी सांगतो.

३/
पावसाच्या तोंडावर बियाण्याची पिशवी घेताना एक प्रश्न हमखास निघतो : “घरचे बी का चालत नाही?” त्याची दोन उत्तरे प्रचलित आहेत. एक म्हणते, कंपन्यांनी बी वांझ केले. दुसरे म्हणते, शेतकऱ्याला शास्त्र कळत नाही. माझ्या मते दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. दरवर्षी बी विकत घेणे ही फसवणूक नव्हे. परंतु आपण काय विकत घेतो हे कधीच न कळणे, ही मात्र फसवणुकीच्या शेजारची गोष्ट आहे. हे म्हणणे सिद्ध करण्यासाठी जरा मागे जावे लागेल.

४/
प्रथम एका लोकप्रिय समजाचा निकाल लावू. कर्नाटकातील सोमनाथपूरच्या तेराव्या शतकातील केशव मंदिरात मूर्तींच्या हाती कणसासारखी वस्तू दिसते. त्यावरून कोलंबसाच्या आधीच भारतात मका होता, असे प्रतिपादन जोहान्सन आणि पार्कर या अमेरिकी अभ्यासकांनी १९८९ मध्ये केले. आपल्याकडे ते हातोहात स्वीकारले गेले, कारण प्राचीनत्वाचा दाखला कोणाला नको असतो?

५/
परंतु या मताला जोरदार विरोध केला तो भारतीय मकातज्ज्ञांनीच. ती वस्तू कणीस नसून मोत्यांनी मढवलेले अलंकारिक फळ आहे, असे त्यांनी दाखवले. मूर्तीच्या हातातील आकारापेक्षा शेतातील पुरावा अधिक बोलका असतो, आणि त्या काळातील मक्याचा निर्विवाद दाणा भारतात सापडलेला नाही. मका अमेरिकेतून आला, आणि त्याच्या प्रसारात सोळाव्या शतकातील पोर्तुगीज व्यापाराचा मोठा वाटा होता, हेच सर्वसाधारणपणे मान्य मत आहे.

६/
मग मक्याचे मूळ पुरुष कोण? मेक्सिकोच्या नैऋत्येकडील बाल्सास नदीच्या खोऱ्यात तिओसिंते नावाचे रानगवत उगवते. सुमारे ९,००० वर्षांपूर्वी तेथील शेतकऱ्यांनी त्यातून मका घडवला. तिओसिंते पाहून कोणाला मका आठवणार नाही. झाडाला पुष्कळ फांद्या, कणीस बोटाएवढे, त्यात जेमतेम पाच ते बारा दाणे, आणि प्रत्येक दाणा दगडासारख्या कठीण कवचात बंद. हे गवत आणि मका ही एकाच कुळातील, हे वनस्पतिशास्त्रज्ञांनाही दीर्घकाळ पटत नव्हते.

७/
जॉर्ज बीडल यांनी १९३९ मध्ये सुचवले की मोजक्या जनुकांतील बदलांनी हा कायापालट होऊ शकतो. निवृत्तीनंतर त्यांनी मका आणि तिओसिंते यांच्या संकराच्या दुसऱ्या पिढीतील सुमारे ५०,००० झाडे तपासली. अंदाजे पाचशेतील एक झाड शुद्ध मक्यासारखे आणि तितकेच तिओसिंतेसारखे निघाले. या प्रमाणावरून चार-पाच मुख्य जनुकांचा हिशेब बसतो. पुढे जॉन डोब्ली यांच्या गटाने त्यांतील दोन जनुके हाती लावली : एक फांद्या आवरणारे, दुसरे दाण्याचे कवच उतरवणारे. पिढ्यान्‌पिढ्या कणसे निवडणाऱ्या अनाम स्त्रीपुरुषांचे काम असे विसाव्या शतकात वाचले गेले.

८/
आता मक्याच्या देहरचनेकडे वळू, कारण पुढचे सारे राजकारण तिच्यातून निघाले. गव्हाच्या फुलात नर आणि मादी एकत्र असतात. मक्यात नर शेंड्यावरच्या तुऱ्यात, मादी मधल्या कणसात. कणसाचा एकेक केस एकेका दाण्याचा. त्यावर परागकण पडला तरच तो दाणा भरतो. पराग वाऱ्यावर येतो, बहुधा शेजारच्या झाडाचा. म्हणजे मक्याचे शेत हा सततचा संकर आहे. म्हणूनच एकाच कणसातील दाण्यांचे बाप अनेक असू शकतात.

९/
डार्विनने १८७६ च्या ग्रंथात नोंदवले होते की स्वतःच्याच परागाने फळवलेला मका परपरागित मक्यापेक्षा खुजा राहतो. १९०८ मध्ये कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे जॉर्ज शल यांनी याच निरीक्षणाला शिस्त लावली. त्यांनी झाडे पिढ्यान्‌पिढ्या स्वपरागित केली. प्रत्येक पिढीत झाडे अधिक एकसारखी आणि अधिक दुबळी होत गेली. मग अशा दोन दुबळ्या शुद्ध वाणांचा संकर केला, आणि त्यांची संतती दोन्ही आईबापांना मागे टाकून तरारून उठली.

१०/
याला शल यांनी पुढे ‘हेटरोसिस’ म्हटले. मराठीत आपण संकरजोम म्हणू. कारणमीमांसा अजूनही पूर्ण उलगडलेली नाही, पण मुख्य सूत्र सोपे आहे. प्रत्येक शुद्ध वाणात काही दोष गोठलेले असतात. दुसऱ्या वाणातील निरोगी जनुक पहिल्याचा दोष झाकते, पहिल्यातील दुसऱ्याचा. शिवाय पहिल्या पिढीतील प्रत्येक झाडाची जनुकीय घडण सारखीच, म्हणून सारे शेत एका उंचीचे, एका दिवशी तुऱ्यावर येणारे.

११/
आता विंचूरच्या त्या प्रश्नाचे उत्तर देता येते. संकरित मक्याचा दाणा वांझ नसतो; पेरला तर उत्तम उगवतो. परंतु दुसऱ्या पिढीत जनुकांचे पत्ते पुन्हा पिसले जातात आणि संकरावस्था सरासरीने निम्म्यावर येते. दोन शुद्ध वाणांच्या संकरात लाभलेल्या जोमातील साधारण निम्मा भाग निघून जातो. झाडे उंचसखल होतात, तुरा आणि केस यांचा मेळ चुकतो, कणसे बोचरी राहतात. हा कोणाचा कट नाही. ही मेंडेलची गणिती शिस्त आहे. मात्र ही शिस्त बियाणे विकणाऱ्याच्या पथ्यावर पडली, हेही तितकेच खरे.

१२/
शल यांच्या पद्धतीत एक अडचण होती : शुद्ध वाण इतके दुबळे की त्यांच्यापासून बी अल्प मिळे आणि महाग पडे. डोनाल्ड जोन्स यांनी १९१८ च्या सुमारास चार वाणांचा दुहेरी संकर सुचवला आणि बी स्वस्त झाले. भारतात १९५७ मध्ये रॉकफेलर प्रतिष्ठानच्या सहकार्याने अखिल भारतीय समन्वित मका सुधार प्रकल्प सुरू झाला. पिकांसाठीच्या अशा समन्वित प्रकल्पांत तो पहिला. १९६१ मध्ये त्यातून गंगा-१, गंगा-१०१, रणजित आणि डेक्कन हे दुहेरी संकर बाहेर आले.

१३/
त्याच प्रकल्पाने १९६७ मध्ये दुसरी वाटही दाखवली : विजय, किसान, जवाहर यांसारखे संमिश्र वाण. अनेक वाणांचे मिश्रण मोकळेपणी परागित होऊ द्यायचे आणि निवड करत राहायचे. उत्पन्न संकरितापेक्षा कमी, पण बी घरी राखता येते. आपल्या गोठ्यांना परिचित असलेला चाऱ्याचा ‘आफ्रिकन टॉल’ याच जातकुळीचा. तो राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा. त्याच विद्यापीठाच्या कोल्हापूर केंद्रावर राज्याच्या मका संशोधनाची मदार आहे.

१४/
पुढे एकेरी संकर आले. पंजाब कृषी विद्यापीठाचा ‘पारस’ हा १९९५ चा, भारतातील आरंभीचा. एकेरी संकर अधिक एकसारखा आणि अधिक उत्पादक. परंतु त्याबरोबर बियाण्याची सूत्रे हळूहळू खासगी हाती गेली. आज भारतातील संकरित मक्याचे बहुतांश बी खासगी कंपन्या पुरवतात. त्यांनी उत्पन्न वाढवले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. प्रश्न उत्पन्नाचा नाही. प्रश्न आहे ज्ञान कोठे साठते याचा.

१५/
कारण मक्याचे आनुवंशशास्त्र गुपितांवर उभे राहिलेले नाही. कॉर्नेल विद्यापीठात रॉलिन्स इमर्सन यांच्याभोवती जमलेल्या संशोधकांनी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकात एक विलक्षण प्रथा पाडली. अप्रकाशित निष्कर्ष पत्रिकेतून सर्वांना कळवायचे, आणि जनुकीय वाणांचे बी मागेल त्याला द्यायचे. मक्याच्या दहा गुणसूत्रांचा नकाशा या उसनवारीतून घडला. सिक्कीममधील आदिम मक्याची नोंद भारतीय शास्त्रज्ञ धवन यांनी १९६४ मध्ये केली, तीही याच पत्रिकेत.

१६/
याच वर्तुळात बार्बरा मॅक्लिंटॉक होत्या. १९३१ मध्ये हॅरिएट क्रेटन यांच्यासह त्यांनी गुणसूत्रांची प्रत्यक्ष देवाणघेवाण मक्यात दाखवली. पुढे कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे ठिपकेदार दाणे न्याहाळताना त्यांना उमगले की काही जनुकीय घटक आपली जागा सोडून उडी मारतात. रंगाच्या जनुकात असा घटक शिरला की दाणा फिका पडतो. दाणा वाढत असताना तो निघून गेला की तेवढा जांभळा ठिपका उमटतो.

१७/
१९५१ च्या परिसंवादात त्यांनी हे मांडले तेव्हा सभेत शांतता पसरली. नोबेल मिळाले ते १९८३ मध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी, आणि एकटीला. २००९ मध्ये मक्याचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला : सुमारे २.३ अब्ज अक्षरे, ३२,०००हून अधिक जनुके, आणि जवळपास ८५ टक्के भाग या उड्या मारणाऱ्या घटकांचा. गंमत अशी की फांद्या आवरणाऱ्या त्या जनुकाजवळही असाच एक घटक येऊन बसलेला आढळला. मका मका होण्यात त्याचाही हात होता.

१८/
शास्त्र पुढे गेले की शेतकरी आपोआप पुढे जातो, हा भ्रम मात्र बाळगू नये. १९६४ मध्ये पर्ड्यू विद्यापीठात ‘ओपेक-२’ या उत्परिवर्तनामुळे दाण्यातील लायसिन वाढते असे दिसले. भारताने १९७१ मध्ये शक्ती, रतन, प्रोटिना हे तसे वाण दिले. ते रुजले नाहीत. दाणा पिठूळ, हलका, किडीला मऊ. सुरिंदर वासल आणि इव्हान्जेलिना विलेगास यांनी पुढे मेक्सिकोत तोच गुण टणक दाण्यात आणला आणि २००० चा जागतिक अन्न पुरस्कार मिळवला. तरीही लिलावात वजन आणि ओलावा पाहतात. लायसिनला भाव नाही.

१९/
आता या धाग्यातील सर्वांत महत्त्वाचा प्रसंग. संकरित बी तयार करताना मादी ओळींचे तुरे हाताने खुडावे लागतात, मजुरी मोठी. अमेरिकेत टेक्सासमध्ये एक असा पेशीद्रव मिळाला की त्या झाडाचा तुरा परागच धरत नाही. कंपन्यांनी तो मादी वाणांत उतरवला आणि खुडणीची मजुरी वाचली. १९७० पर्यंत अमेरिकेच्या सुमारे ८५ टक्के संकरित मक्यात हाच पेशीद्रव होता. पिशव्यांवरची नावे शेकडो, पण मातृकुळ एकच.

२०/
त्या उन्हाळ्यात पानांवरील करप्याच्या बुरशीचा एक नवा प्रकार पसरला. दक्षिणेकडून निघून तो मक्याच्या मुख्य पट्ट्यात गेला. देशाचे सुमारे १५ टक्के पीक बुडाले; काही शेते पूर्ण गेली. नंतर कळले की तुरा वांझ करणारे जनुक आणि बुरशीच्या विषाला दार उघडणारे जनुक एकच होते. आणि या पेशीद्रवाचा धोका फिलिपिन्समधील संशोधकांनी १९६१ मध्येच छापून सांगितला होता. दूरच्या, लहान देशाच्या पत्रिकेकडे कोणी लक्ष दिले नाही.

२१/
अमेरिकी शेतकऱ्याला हे कळण्याची सोय नव्हती. त्याने दोन कंपन्यांचे दोन वाण घेतले, जोखीम विभागली असे समजला, आणि दोन्ही शेते एकाच आठवड्यात करपली. नाव वेगळे म्हणजे रक्त वेगळे, असे नव्हते. माझे सारे म्हणणे या एका वाक्यात आहे.

२२/
आपल्याकडे संकट कसे येते, हे २०१८ ने दाखवले. अमेरिका खंडातील लष्करी अळी त्या वर्षी कर्नाटकात प्रथम आढळली आणि लवकरच महाराष्ट्राच्या मक्यात पोहोचली. पोंग्यात शिरलेल्या अळीसाठी फवारण्या करून लोक थकले. तिचा उगम जनुकीय एकसुरीपणात नव्हता, हे स्पष्ट सांगतो. पण एका हंगामात एक शत्रू किती दूर जातो, हे तिने शिकवले. त्यातच डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलवर मर्यादा घातल्या आणि मक्याची मागणी वाढली. २०२५-२६ च्या हंगामासाठी हमीभाव क्विंटलला २,४०० रुपये ठरला. क्षेत्र वाढेल, जोखीमही वाढेल.

२३/
कोणी म्हणेल, शेतकऱ्याला वंशावळीचे काय? त्याने निफाडच्या कोणत्याही द्राक्षबागेत जावे. बागाईतदार सांगतो : खुंट डॉगरीजचा, कलम थॉमसनचे. खुंट क्षार सोसतो का, कलमाला घड किती, हे त्याला तोंडपाठ असते. युरोपातील द्राक्षबागा एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेराने उजाड झाल्या आणि अमेरिकी खुंटांनी वाचल्या, तेव्हापासून द्राक्षाच्या जगात मूळ विचारण्याची रीत पडली. तोच शेतकरी शेजारच्या वावरात मका पेरताना पिशवीवरचा एक आकडा आणि एक चित्र यावर विसंबतो. तो अज्ञानी नाही. त्याला सांगितले जात नाही.

२४/
माझ्या मागण्या तीन. पहिली : पिशवीवर किंवा कृषी विभागाच्या खुल्या नोंदीत इतके तरी असावे की संकर एकेरी की दुहेरी, मातृवाणाचा पेशीद्रव कोणत्या प्रकारचा, आणि दोन नावांच्या वाणांचे पालक एकच आहेत का. दुसरी : तालुक्यात कोणत्या कुळाचा मका किती क्षेत्रावर आहे, याचा दर हंगामाला आढावा निघावा. तिसरी : कोल्हापूर आणि राहुरीच्या सार्वजनिक वाणांचे बी वेळेवर, पुरेसे, दुकानापर्यंत पोहोचावे. नुसता वाण प्रसारित करून काम संपत नाही.

२५/
कंपन्या म्हणतील, पालक वाण हे आमचे व्यापारी गुपित. ते मान्य. कोणी त्यांचे बी मागत नाही. परंतु २००१ चा वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा वाणाची नोंदणी करताना पालक वाणांची माहिती मागतोच. म्हणजे नोंदवलेल्या वाणांपुरती तरी ती सरकारदप्तरी जाते. तालुक्यापर्यंत तिचे सार येण्यास शास्त्राची नव्हे, इच्छेची वाण आहे. त्याच कायद्याने शेतकऱ्याला घरचे बी राखण्याचा, देण्याघेण्याचा हक्कही दिला आहे.

२६/
आणि देशी बियाण्याचे काय? नंदुरबारच्या धडगाव भागात पावरा आणि भिल्ल शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मक्याचे स्थानिक वाण जपले आहेत. बायफ संस्थेने त्यांच्यासह त्यांची जपणूक केली आहे. विंचूरच्या शेतकऱ्याने संकरित सोडून तो मका पेरावा, असे मी म्हणणार नाही. त्याचे उत्पन्न घटेल आणि उपदेश करणारा भरपाई देणार नाही. पण उद्या नवी बुरशी आली तर प्रतिकाराचे जनुक कदाचित त्याच कणसांत सापडेल. त्या जपणुकीचा खर्च सातपुड्यातील गरिबाने एकट्याने का सोसावा?

२७/
नऊ हजार वर्षांपूर्वी बाल्सासच्या काठी कोणी एकाने दगडी कवचाचे गवत हाती घेऊन बी निवडले. तेव्हा निवडणारा आणि पेरणारा एकच होता. आज निवडणारा प्रयोगशाळेत आहे आणि पेरणारा विंचूरच्या शिवारात. हे अंतर शास्त्राच्या प्रगतीचे फळ आहे, ते पुसता येणार नाही आणि पुसूही नये. मात्र त्या अंतरावरून माहिती तरी चालत यावी. सरदारांच्या वंशावळी जपणाऱ्या मुलखाने आपल्या अन्नाची वंशावळ विचारली, तर त्यात कोणाचा अवमान नाही.

(समाप्त)